हंगाम, फड आणि विद्यापीठाची रंगभूमी

बीड जिल्ह्यात ‘हंगाम’ या शब्दाला विशेषण लावावे लागत नाही. इतरत्र हंगाम रब्बीचा असतो, आंब्याचा असतो, लग्नसराईचा असतो. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या तालुक्यांत मात्र ‘हंगामाला गेले’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला उरलेले सगळे कळते. माणसे ऊस तोडायला गेली, घराला कुलूप आहे किंवा घरात म्हातारी आणि नातवंडे आहेत, आणि आता भेट चैत्रात. फारसीतून मराठीत आलेला हा शब्द निव्वळ काळ दाखवणारा. या पट्ट्यात त्याला स्थळही चिकटले आहे आणि त्या स्थळापासूनचे अंतरही.

छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागासारखा एखादा विभाग पावसाळ्यात आपल्या आगामी नाट्यवर्षाची आखणी करू लागतो, तेव्हा तोही एका हंगामाचीच आखणी करीत असतो. कोणत्या सत्राला कोणता अभ्यासप्रयोग, संस्कृत किंवा ग्रीक नाटक कोणाकडे, आधुनिक भारतीय नाटक कोणाकडे, लोकनाट्याचा प्रयोग कधी, युवक महोत्सवाची एकांकिका कोणी बसवायची, राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचे की नाही. हा तपशील बाहेरून पाहणाऱ्याला कारकुनी वाटतो. पण रंगभूमीविषयी विभागाला खरोखर काय वाटते ते त्याच्या अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेपेक्षा या यादीत अधिक उघड होते. अभ्यासक्रम ‘काय शिकवावे’ एवढे सांगून थांबतो. ‘कोणासमोर आणि केव्हा’ हे यादीलाच सांगावे लागते. समीक्षेने या दुसऱ्या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. प्रयोगाचे चिन्हशास्त्र मांडताना नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, देहबोली यांची चिन्हे म्हणून दखल घेतली जाते, परंतु प्रयोगाची तारीख हे चिन्ह मानले जात नाही.

तारखांकडे नुसते पाहिले तरी पुरे. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला येतो; १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत केलेल्या ‘सीता स्वयंवरा’च्या प्रयोगाची ती आठवण. याच सुमारास साखर कारखान्यांच्या गळिताला वेग येतो, आणि ज्या सांगलीत मराठी नाटक जन्मले असे मानले जाते त्याच सांगली-कोल्हापूरच्या शिवारात बीडच्या टोळ्या उतरलेल्या असतात. विद्यापीठाचा केंद्रीय युवक महोत्सव साधारणतः दसऱ्याच्या आगेमागे असतो. दसरा म्हणजे सीमोल्लंघन; डोंगरपट्ट्यात हा शब्द अलंकार म्हणून वापरण्याची गरज पडत नाही. नोव्हेंबरपासून राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या सुरू होतात आणि २७ मार्चच्या जागतिक रंगभूमी दिनाशी विभागांचे प्रयोगवर्ष मंदावते. मग परीक्षा. माणसे गावाकडे परतू लागतात ती नेमकी त्याच वेळी. विद्यापीठाच्या रंगभूमीचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकमेकांवर इतके तंतोतंत बसतात की दोन्हींचे वेळापत्रक एकाच टेबलावर झाले असावे अशी शंका यावी.

दोन्ही हंगामांची भाषाही एकच आहे, आणि तो केवळ शब्दांचा योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. उभ्या उसाच्या वावरात तोड लागली की तो ‘फड’ होतो. तमाशाची मंडळी म्हणजेही ‘फड’. वारकऱ्यांच्या परंपरेतल्या दिंड्यांचे जे जुने गट आहेत त्यांनाही ‘फड’च म्हणतात. उसाला येतो तो ‘तुरा’ आणि शाहिरीत कलगीशी भांडतो तोही ‘तुरा’. लावणीने या श्लेषाचा उपयोग केला आहेच. ऊसतोड्याला मुकादमाकडून हंगामाआधी मिळते ती ‘उचल’, आणि तमाशातल्या कलावंताला फडमालकाकडून दसऱ्याआधी मिळते तीही ‘उचल’. पैसा आधी घ्यायचा, खर्चून टाकायचा आणि मग देहाने फेडायचा. तमाशाचा दौरा दसऱ्याला सुरू होऊन वैशाखात उतरतो. ऊसतोडीचा त्याच्या किंचित आधी. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. ज्या मोजमापात माणूस अर्ध्या हत्याराइतका भरतो, त्या मोजमापापुढे पात्रनिर्मितीच्या सिद्धान्तांनी काय करायचे, हा प्रश्न नाट्यशास्त्राच्या वर्गात विचारला जायला हरकत नाही. कोयता पुरा व्हावा म्हणून कोवळ्या वयात लग्ने उरकली जातात. ‘पात्रयोजना’ हा शब्द तिथे भलत्याच अर्थाने खरा ठरतो.

या विभागाच्या इतिहासात वेगळ्या प्रेक्षकाची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही; उलट मराठवाड्यातल्या विद्यापीठीय रंगभूमीचा प्रारंभच त्या जाणिवेतून झालेला आहे. विद्यापीठ स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ ला. त्याच्याही आधी, १९५५ च्या सुमारास, मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक विद्यार्थ्यांकरवी उभे केले. जे विद्यार्थी रंगमंचावर आले त्यांच्या घरांतून नाटक पाहायला जाण्याची रीत नव्हती, आणि ज्यांच्यासाठी ते आले त्यांना नाट्यगृहाची पायरी परकी होती. पुढे सत्तरच्या दशकात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या शिस्तीत तयार झालेले कमलाकर सोनटक्के औरंगाबादेत आले. नाटक ही हौस नसून शिकण्याची विद्या आहे, हा विचार या प्रदेशात रुजला तो त्या काळात. रुस्तुम अचलखांब यांच्यासारख्या शाहीर-अध्यापकाने तमाशा आणि जलसा यांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचा ‘तमाशा लोकरंगभूमी’ हा ग्रंथ आजही विद्यार्थ्यांच्या हाताशी असतो. या दोन प्रवाहांचा संगम झाला की ते नुसते शेजारी-शेजारी वाहत राहिले, याविषयी मतभेद होऊ शकतात. एक गोष्ट मात्र दिसते. लोककला अभ्यासक्रमात आली ती ‘प्रकार’ म्हणून. तिच्यामागचे श्रमाचे आणि ऋतूंचे वेळापत्रक मात्र बाहेरच राहिले. गोंधळ शिकवला जातो, भारूड शिकवले जाते. गोंधळ लग्नानंतर का घातला जातो आणि भारूड रात्रीच का रंगते, हे प्रश्न मौखिक परीक्षेपुरते उरतात.

स्थलांतराचा संबंध केवळ प्रेक्षकांशी आहे असेही नाही. औरंगाबादच्या ‘जिगीषा’तून प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मुंबईला गेले आणि १९९१ च्या ‘चारचौघी’पर्यंत पोचले, ही मराठवाड्याच्या रंगभूमीची अभिमानाने सांगितली जाणारी कथा आहे, तशी ती सांगितली जावीही. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने मुंबईच्या रस्त्यालाच रंगभूमीचा रस्ता मानले. नाट्यशास्त्राची पदविका हाती येताच गाडी पकडायची, मालिकांच्या निर्मितीगृहांचे उंबरे झिजवायचे, एखाद्या समन्वयकाच्या यादीत नाव लागावे म्हणून थांबायचे. या माणसाला ‘समन्वयक’ म्हणतात. टोळी गोळा करून कारखान्याकडे नेणाऱ्याला दुसरा शब्द आहे. एका स्थलांतराविषयी स्मरणिका निघतात आणि दुसऱ्याविषयी अहवाल, एवढ्यावरून दोहोंमधले नाते लपत नाही.

येथे भरताकडे वळणे उपयुक्त ठरेल. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय, म्हणजे नाट्यमंडपाचे विधान, आणि सहावा, म्हणजे रसाध्याय, हे प्रत्येक विद्यापीठात शिकवले जातात. सत्ताविसाव्या अध्यायाचा पूर्वार्ध, सिद्धींचा, कधी शिकवला जातो, कधी नाही. त्याच अध्यायात भरताने प्रयोगाच्या वेळेचा विचार केला आहे. कोणत्या स्वरूपाचा प्रयोग पूर्वाह्णी, कोणता अपराह्णी, कोणता रात्रीच्या पहिल्या भागात आणि कोणता पहाटे, हे तो सांगतो. मध्यरात्र, भर दुपार, संध्याकाळ आणि भोजनाची वेळ वर्ज्य ठरवतो. प्रेक्षक कसा असावा आणि भिन्न वयांचे, भिन्न वृत्तींचे प्रेक्षक कशाने संतुष्ट होतात, तेही तेथेच आहे. म्हणजे काळ, प्रेक्षक आणि प्रयोगाचे यश यांना तो एकाच विवेचनात बांधतो. मात्र याच विवेचनाच्या अखेरीस तो एक पळवाट ठेवतो: आश्रयदात्याची आज्ञा झाली तर देश-काल पाहत बसू नये, प्रयोग करावा. आजच्या विद्यापीठीय रंगभूमीने भरताचा वेळेविषयीचा विवेक बाजूला ठेवला आणि ही पळवाट तेवढी नियम म्हणून स्वीकारली, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. आश्रयदाता बदलला. पूर्वी राजा होता, आता शैक्षणिक दिनदर्शिका आहे.

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली वाङ्मयेतिहासाच्या संदर्भात ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना मांडली, तेव्हापासून वाचक किंवा प्रेक्षक हा अर्थनिर्मितीचा भागीदार आहे हे सगळ्यांनी मान्य केले. पण या सिद्धान्तातला प्रेक्षक हजर असतो. तो पूर्वग्रह घेऊन येतो, चकतो, विरोध करतो, घडतो, पण येतो. बीडच्या डोंगरपट्ट्यातला प्रेक्षक येत नाही, आणि न येण्यामागे त्याची अरुची नाही. त्याचे क्षितिज कोणते ते तपासण्याची संधीच रंगभूमीला मिळालेली नाही. ‘ग्रामीण भागात नाटकाला प्रेक्षक नाही’ हे विधान जेव्हा विद्यापीठांच्या चर्चासत्रांत केले जाते, तेव्हा ते जानेवारीत काढलेल्या निरीक्षणावर आधारलेले असते.

गैरहजेरीचा प्रश्न तालमीच्या खोलीतही शिरतो. विद्यापीठाला विद्यार्थ्याची पंचाहत्तर टक्के उपस्थिती हवी असते. टोळीत एखादा दिवस चुकला की त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. नाटकात काम करणाऱ्या मुलाची आई फडावर आजारी पडली, तर कोयता अर्धा राहू नये म्हणून मुलाला जावे लागते. मग ज्याने दोन महिने खपून सूत्रधाराची भूमिका उभी केली, त्याचे नाव तालमीच्या वहीत लाल शाईने येते. त्याच्या जागी उभा राहणारा सहसा शहरात राहणारा, नोकरदाराचा मुलगा असतो. यात कोणाचा दोष नाही आणि म्हणूनच याची नोंद कोणी करीत नाही. परंतु वर्षानुवर्षे असे होत राहिले की विभागाच्या रंगमंचावर कोणाचा देह, कोणाची बोली आणि कोणाचा आवाज टिकून राहतो, त्याला एक घडण येते. प्रमाण मराठीच्या उच्चारांविषयी जे वाद होतात ते या घडणीपुढे दुय्यम आहेत.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो, आणि त्याच्याविषयी सावध राहणे आवश्यक आहे. विभागाच्या यादीत ऊसतोड्यांवरचे एक नाटक घालावे! २०१९ साली जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. असा विषय एकांकिकेला चटकन मानवतो. चाळीस मिनिटे, एक कोयता, पाचटाचा ढीग, पार्श्वभूमीला ट्रॅक्टरचा आवाज आणि शेवटी प्रकाशझोतात एकटी उभी स्त्री. परीक्षक हळहळतात, चषक मिळतो. या प्रकारच्या प्रयोगांत कोयता हे प्रतीक होते आणि तेथेच गफलत होते. कारण फडातला कोयता प्रतीक नसतो, त्याला रोज पहाटे धार लावावी लागते, आणि ती लावताना कोणी कशाचाही निषेध करीत नसते. ज्या मुलीने मोळी बांधून डोक्यावरून वाहिली आहे ती रंगमंचावर हलकी मोळी उचलताना अवघडते, असे दिसून येते. तिचा देह खरे वजन ओळखतो. अभिनयाच्या शिक्षणात याला ‘कृत्रिमता’ म्हणून दुरुस्त करण्याऐवजी त्यातूनच काही शिकता आले तर नाटक वेगळ्या जागी जाईल. २०१२ मध्ये आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाने ते करून दाखवले आहे. संभाजी भगत यांची संकल्पना, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे राजकुमार तांगडे यांचे लेखन आणि नंदू माधव यांचे दिग्दर्शन. त्यातल्या नटांच्या उभे राहण्यात, हसण्यात आणि भांडणात जी रग होती ती कार्यशाळेत मिळवलेली नव्हती. त्या नाटकाने शेतकऱ्याविषयी सांगितले नाही. शेतकरी पोरांनी शिवाजीविषयी सांगितले. विषय आणि कर्ता यांतला हा फरक विभागाच्या यादीत उतरायला हवा.

ऊसतोड्याला नाटकाचा विषय करण्यातला धोका ब्राझीलच्या आगुस्तो बोआलने स्वतःवरच अनुभवला होता. ईशान्य ब्राझीलमधल्या गरीब शेतमजुरांसमोर त्याच्या मंडळीने जमिनीसाठी रक्त सांडण्याचे आवाहन करणारे नाटक केले. प्रयोगानंतर व्हर्जिलिओ नावाच्या शेतमजुराने नटांना त्यांच्या बंदुकांसह सोबत चलण्याचे आमंत्रण दिले. बंदुका लाकडाच्या होत्या हे नटांना कबूल करावे लागले. बंदुका नसल्या तरी चालेल, माणसे म्हणून चला, असे म्हटल्यावर नटांकडे उत्तर नव्हते. बोआलच्या पुढच्या सगळ्या रंगविचारामागे ही खजिली आहे. आपल्याकडे ‘उत्पीडितांची रंगभूमी’ अभ्यासक्रमात आली, तिच्या कसरती आल्या, खेळ आले. ही खजिली आली नाही.

आणखी एक गोष्ट यंदाच्या यादीवर सावली धरून आहे. २०२३ च्या अखेरीपासून बीड जिल्ह्यातले वातावरण आरक्षणाच्या प्रश्नावरून तापलेले राहिले. डिसेंबर २०२४ मधल्या केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येनंतर तर माणसे एकमेकांकडे आडनावांच्या चष्म्यातून पाहू लागली. अशा काळात भूमिकांचे वाटप निरागस राहत नाही. पाटलाची भूमिका कोणाला आणि गड्याची कोणाला, यावरून तालमीत कुजबुज होते. काही अध्यापक मग मोलिएरकडे वळतात, काही चेकॉव्हकडे. परक्या नावांचा आडोसा हा रंगभूमीचा जुना आणि मान्य मार्ग आहे. त्याला भित्रेपणा म्हणणे घाईचे होईल. चेकॉव्हच्या नाटकातली बाग तोडली जाते तेव्हा डोंगरपट्ट्यातल्या विद्यार्थ्याला ती कळायला भाषांतराची मदत लागत नाही. पण आडोशाची सवय लागली की उघड्यावर उभे राहण्याची शक्ती जाते, हेही तितकेच खरे.

मग ‘केव्हा’ आणि ‘कोणासमोर’ यांचे काय? एक मार्ग टोळ्यांच्या मागे जाण्याचा. या विद्यापीठाचे क्षेत्र आता चार जिल्ह्यांचे आहे. १९९४ साली नांदेडला वेगळे विद्यापीठ झाल्यानंतर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव एवढेच उरले. बीडचा प्रेक्षक मात्र वर्षातले निम्मे दिवस सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकच्या सीमेपलीकडे कोप्यांमध्ये राहतो, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्राबाहेर. तेथे जाऊन प्रयोग करायचा तर भरताची सगळी वेळ-व्यवस्था कोलमडते: पहाटे तोड, दुपारी बांधणी, वाहन आले की रात्री कधीही भरणी. दोन भरण्यांमध्ये मिळेल ते अर्धे तास, तेही दमलेल्या माणसांचे. अशा ठिकाणी नाटक नेणे ही कलाकृती होईल की उपकार, याचे उत्तर तेथे गेल्याशिवाय मिळणार नाही. पण एक-दोन प्रयोग करून छायाचित्रांसह परतणे हा उपकारच ठरण्याचा संभव अधिक.

दुसरा मार्ग आहे तो जानेवारीतच गावात जाण्याचा, आणि जे उरले आहेत त्यांनाच प्रेक्षक मानण्याचा. उरलेल्यांत म्हाताऱ्या असतात. त्यांनी आयुष्यभर कीर्तन ऐकलेले असते, सोंगी भारूड पाहिलेले असते, जात्यावर ओव्या रचलेल्या असतात. कथेतली वळणे, थांबे, पुनरुक्ती यांची त्यांची जाण अनेक परीक्षकांपेक्षा पक्की असते. त्यांच्या मांडीवर नातवंडे असतात, ज्यांना नाटक पाहण्याचा पहिला अनुभव मिळायचा आहे. या दोन वयांच्या प्रेक्षकांसाठी, मधली पिढी वजा करून, मराठीत नाटकच लिहिले गेलेले नाही. बालनाट्य आहे, ते शहरी मुलांचे आहे. अनुपस्थित आई-बापांच्या वतीने आजी आणि नात यांच्याशी बोलणारे नाटक कसे असेल, हा नाट्यलेखनाच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा खरा अवघड प्रश्न आहे.

तिसरा मार्ग चैत्राचा. हंगाम आटोपून माणसे परततात तेव्हा गावांना एकदम जाग येते. जत्रा भरतात, लग्ने होतात, भगवानगडासारख्या गडांचे नारळी सप्ताह होतात. काकडा, ज्ञानेश्वरीचे पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन आणि रात्री जागर, असा सप्ताहाचा दिवस ठरलेला असतो, आणि हजारोंचा श्रोतृसमुदाय मांडवात मांडी घालून बसलेला असतो. उसाच्या हंगामाशी जुळवून घेणारे वेळापत्रक या प्रदेशातल्या धर्मपरंपरेला जमले. तमाशाला, यात्रेच्या सुपारीमुळे, निम्मेअर्धे जमले. विद्यापीठाला ते जमायला काय आड येते? परीक्षा. अभ्यासप्रयोग हीच प्रात्यक्षिक परीक्षा असल्यामुळे तो सत्र संपण्याच्या आत, बहिःस्थ परीक्षकाच्या उपस्थितीत व्हावा लागतो, आणि प्रकाशयोजना व नेपथ्य यांना स्वतंत्र गुण असतात. जागराच्या रात्री पत्र्याच्या मांडवात, हॅलोजनच्या दोन दिव्यांखाली, बाराच्या पुढे उभ्या राहणाऱ्या प्रयोगाला प्रकाशयोजनेचे किती गुण द्यायचे, आणि शिरूर कासारच्या पुढे मुक्कामाची सोय नसताना परीक्षकाने तेथवर पोचायचे कसे, हे विभागाच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी कागदावर मांडायला हवे आहे.